आयनॅचरलिस्ट: परदेशात जीवशास्त्र शिकायला जाणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

परदेशात जीवशास्त्र शिकायला येणाऱ्यांची एक अडचण आहे आणि प्रवेशाच्या धावपळीत तिच्याबद्दल कुणी अवाक्षरही काढत नाही. क्रेब्स सायकल सगळीकडे तीच असते. पीसीआर, हार्डी-वाइनबर्ग, मायटोसिसच्या पायऱ्या, सगळं तेच. बदलतं ते खिडकीबाहेरचं झाड. इकॉलॉजीचे प्राध्यापक बोलता बोलता हॉथॉर्नच्या कुंपणाचं उदाहरण देतात, तेव्हा वर्गातल्या स्थानिक मुलांच्या डोळ्यांसमोर ते कुंपण काट्या-फळांसकट उभं राहतं. आपल्यापुढे नुसता शब्द असतो. ब्लॅकबर्ड, आयव्ही, नेटल, डँडेलायन ही त्यांची शाळेच्या वाटेवरची मंडळी. ती कुणाला वेगळी शिकवावी लागतील, हे शिकवणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. स्पॉट टेस्ट मात्र सगळ्यांना सारखीच: टेबलावर क्रमांक लावलेले नमुने, मोजका वेळ, नाव लिहा आणि पुढे सरका.

मी स्कॉटलंडमध्ये जीवशास्त्राची पदवी करते आहे. ही दरी बुजवायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आयनॅचरलिस्टचा. ‘फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारं अ‍ॅप’ एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. चार फोटो टाकून ते अ‍ॅप बाजूला पडतं आणि त्यातला खरा फायदा राहून जातो, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आधी थोडी माहिती. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या स्कूल ऑफ इन्फर्मेशनमधल्या तीन विद्यार्थ्यांनी मास्टर्सचा अखेरचा प्रोजेक्ट म्हणून हे सुरू केलं. २०१४ मध्ये ते कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या छत्राखाली गेलं, २०१७ पासून नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीही सोबत आली आणि २०२३ मध्ये त्याची स्वतंत्र ना-नफा संस्था झाली. वापर पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत. जगभरच्या लोकांनी मिळून २० कोटींहून अधिक नोंदी तिथे केल्या आहेत.

रचना सोपी आहे. एक सजीव, एक जागा, एक वेळ, अशी एक नोंद. सोबत फोटो किंवा आवाज. नाव माहीत असेल तेवढं टाकायचं. ‘वनस्पती’ किंवा ‘कीटक’ एवढंच माहीत असेल तर तेवढंच. मग इतर लोक त्यावर आपापलं मत देतात. किमान दोघांचं मत जुळलं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जण प्रजातीच्या नावावर सहमत झाले की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळते. मुद्दाम लावलेली झाडं आणि पाळलेले प्राणी ‘कॅज्युअल’ गटात जातात. नव्याने आलेल्याने ही शेवटची गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी. कॅम्पसवरची मोठमोठी झाडं बहुतेक वेळा कुणीतरी कधीतरी लावलेली असतात आणि तशी खूण केली नाही, तर नकाशावर ती रानटी म्हणून दिसत राहतात.

आता मशीनबद्दल, कारण सगळे आधी तेच विचारतात. फोटो पाहून नाव सुचवणारी सोय २०१७ पासून आहे. ती आधी लोकांनी ओळखलेल्या फोटोंवरच शिकते. एखाद्या प्रजातीचे साधारण शंभर फोटो जमल्याशिवाय ती त्या शिकण्यात येतच नाही. त्यामुळे उत्तर युरोपातली फुलं, पक्षी, फुलपाखरं यांच्याबाबत सूचना उत्तम असतात, आणि जिथे फोटो कमी, म्हणजे बारीक माश्या, कोळी, शेवाळी, अशा गटांत त्या लंगड्या पडतात. २०२३ पासून जागेचाही हिशेब होतो: जवळपास सापडण्याजोग्या प्रजाती वर येतात आणि दूरच्या खंडावरच्या मागे पडतात. मला सगळ्यात आवडतं ते हे की खात्री नसेल तेव्हा मशीन प्रजातीचं नाव रेटत नाही. ‘हे अमुक जीनसमधलं (म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटातलं) असावं’ इतपत सांगतं. विद्यार्थ्याने उचलावी अशी ती सवय आहे.

माझी पद्धत अशी आहे: सूचनांची यादी उघडण्याआधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा, आणि त्या अंदाजाचं कारणही. पानं समोरासमोर की एकाआड एक, खोड चौकोनी की गोल, चुरगळल्यावर वास येतो का. मग यादी. स्पॉट टेस्टला फोन बाहेर ठेवावा लागतो, तिथे ही वहीच कामाला येते.

आयव्हीचं उदाहरण घ्या. पुस्तकात तिचं पान खाचा असलेलं, पाच टोकांचं असतं, आणि भिंतीवर सरपटणाऱ्या कोवळ्या फांद्यांवर ते तसंच दिसतंही. पण हीच वेल उंच जाऊन फुलायला लागली की त्या फांद्यांवरची पानं खाचा नसलेली, साधी, टोकदार येतात. एकाच वेलीवर दोन तऱ्हेची पानं. नवख्या माणसाला या दोन वेगळ्या वनस्पती वाटतात. मी दोन्ही फांद्यांचे फोटो एकाच नोंदीत घातले, तेव्हा एका अनोळखी माणसाने खाली लिहिलं की पानामागच्या बारीक केसांचाही फोटो मिळाला तर हेडेरा हेलिक्स की हेडेरा हायबर्निका हे ठरवता येईल. पांढुरके, उभे पसरलेले केस हेलिक्सचे. पिवळट तपकिरी आणि पृष्ठभागाला चिकटलेले हायबर्निकाचे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून भिंग घेऊन गेले. त्या वेलीपाशी मी तोवर रोज जात होते, पण असं पाहिलं नव्हतं.

आणि इथेच या सेवेचं मोल आहे. नाव तर कुठूनही मिळेल. नाव कशावरून ठरतं हे सांगणारी माणसं, तीही त्या भूमीत वर्षानुवर्षं फिरलेली, परक्या देशात आलेल्या विद्यार्थ्याला एरवी कुठे भेटणार? स्थानिक मुलांना असं ज्ञान आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून, शाळेच्या सहलीतून मिळालेलं असतं. आपल्याला ते इथे मिळतं, फक्त मागावं लागतं.

शरद ऋतूत आयव्ही फुलली की तिच्यावर मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्या येतात. मी एकीचे चार बाजूंनी फोटो घेतले. दोनच पंख, आखूड शृंगिका, डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला, म्हणजे मधमाशी नव्हे, हॉवरफ्लाय, इथवर मला कळत होतं. मशीनने एरिस्टॅलिस जीनस सुचवली. पुढचं काम माश्यांवर अनेक वर्षं काम करणाऱ्या एका सभासदाने केलं. डोळ्यांवर गडद केसांचे उभे पट्टे आणि मागच्या पायाची फुगीर, वाकडी पोटरी यावरून ती एरिस्टॅलिस टेनॅक्स. एरिस्टॅलिस पर्टिनॅक्स असती तर पुढच्या पायांची पावलं पिवळी दिसली असती. त्याने आणखी एक गोष्ट जोडली, की टेनॅक्स प्रौढ अवस्थेतच हिवाळा काढते, म्हणून थंडी पडायला लागल्यावरही दिसते. तिच्या अळ्या साचलेल्या घाण पाण्यात लांब श्वासनळी वर काढून जगतात, हे मग मी स्वतः शोधून वाचलं. मिमिक्रीवरच्या व्याख्यानात बेट्सियन मिमिक्रीची, म्हणजे निरुपद्रवी जीवाने धोकादायक जीवाची नक्कल करण्याची, आकृती आली, तेव्हा माझ्याकडे स्वतः पाहिलेला प्राणी होता, आणि प्राध्यापकांना विचारायला प्रश्नही: थंडीत मधमाश्या पोळ्यात बसून असतात, तेव्हा या नकलेचा माशीला फायदा होतो का? त्या प्रश्नावर तासानंतर बराच वेळ बोलणं झालं. परदेशी वर्गात तोंड उघडायला हाताशी काहीतरी असावं लागतं. मला ते तिथून मिळालं.

कुठे थांबायचं हेही इथे शिकायला मिळतं. गवतातल्या डँडेलायनचा फोटो टाकला की जाणती मंडळी टॅराक्सॅकमच्या जीनसवरच थांबतात. ही झाडं बहुतेक फलनाविना बी धरतात, त्यामुळे प्रत्येक वंश जवळजवळ जसाच्या तसा पुढे चालतो, आणि ब्रिटन-आयर्लंडमध्ये अशा सूक्ष्मप्रजाती दोनशेहून अधिक मानल्या जातात. एका फुलाच्या फोटोवरून त्यातली एक निवडणं शक्य नाही. बंबलबीचंही तसंच. पांढऱ्या बुडाच्या कामकरी माशा बॉम्बस टेरेस्ट्रिसच्या की ल्युकोरमच्या, हे फोटोत ठरवणं अवघड. आणि ल्युकोरमच्या आतही क्रिप्टॅरम आणि मॅग्नस धरून तीन प्रजाती आहेत, त्या खात्रीने वेगळ्या करायला डीएनएच लागतो. पाठ्यपुस्तकात ‘क्रिप्टिक स्पीशीज’ हा शब्द एका ओळीत उरकतो. इथे तो रोज भेटतो. ‘याहून पुढे ओळख नेता येणार नाही’ अशी खूण करायची सोयही आहे, आणि लोकांनी तशी खूण केली तर कुलाच्या खालच्या पातळीवर थांबलेल्या नोंदीलाही रिसर्च ग्रेड मिळू शकते. म्हणजे पुराव्याच्या पुढे न जाण्याला इथे मान आहे. अहवाल लिहिताना मला याचा फार उपयोग होतो.

सगळ्यात जास्त वापर झाला तो किनाऱ्यावरच्या फील्ड कोर्सला. पश्चिम किनाऱ्यावरचे खडक, ओहोटीच्या वेळा पाहून ठरवलेले तास, आणि हातात क्वाड्रॅट, म्हणजे आतले जीव मोजायची चौकट. बॅलॅनस आणि कथॅमेलस या दोन बार्नॅकल्सवरचा (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांवरचा) जोसेफ कॉनेलचा प्रयोग प्रत्येक इकॉलॉजीच्या विद्यार्थ्याने वाचलेला असतो. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेलं ते काम याच किनाऱ्यावरच्या कंब्रे बेटावरचं, मिलपोर्टजवळचं. वर कथॅमेलस, खाली बॅलॅनस. खालच्या पट्ट्यातला बॅलॅनस काढून टाकला तर कथॅमेलस तिथेही जगतो, म्हणजे त्याला तिथून हटवणारी गोष्ट स्पर्धा. आकृतीत हे दोन ठसठशीत पट्टे असतात. खडकावर मात्र सगळं एकसारखं करडं, खरखरीत दिसतं, आणि कुठला कोण हे ठरवल्याशिवाय त्या प्रसिद्ध प्रयोगाचं काहीच समोर येत नाही.

आम्हाला छापील ‘की’, म्हणजे लक्षणं पाहत टप्प्याटप्प्याने नावापर्यंत नेणारी यादी, दिलेली होती आणि ती चांगलीच होती. पण कीमधला ‘पतंगाच्या (काइटच्या) आकाराचं झाकण’ हा शब्दप्रयोग पहिल्यांदा वाचणाऱ्याला काय सांगणार? रात्री मुक्कामी परतल्यावर मी आयनॅचरलिस्टवर त्याच किनाऱ्यावरच्या रिसर्च ग्रेड नोंदी काढून बसायचे. सेमिबॅलॅनस बॅलॅनॉइडीस: कवचाचे सहा तुकडे, झाकण पत्त्यांतल्या चौकटसारखं. कथॅमेलस मोंटॅगुई: झाकण पतंगासारखं. ऑस्ट्रोमिनिअस मॉडेस्टस: कवचाचे चारच तुकडे. हा शेवटचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचलेला. एकेकाचे पन्नास-साठ फोटो, लहान-मोठे, ओले-सुके, झिजलेले, असे एकामागून एक पाहिले की डोळा तयार होतो. कीमध्ये एक आदर्श चित्र असतं; इथे एका प्रजातीची किती रूपं असू शकतात ते दिसतं. दुसऱ्या दिवशी खडकावर गुडघे टेकून बसले तेव्हा पट्टे दिसायला लागले. शेवाळांचंही तसंच झालं: सगळ्यात वर पेल्व्हेशिया, मग फ्यूकस स्पायरॅलिस, मधे फोड असलेली व्हेसिक्युलोसस आणि अ‍ॅस्कोफायलम, खाली करवती कडांची सेरॅटस, आणि ओहोटीच्या अगदी तळाला लॅमिनेरिया. हा क्रम पाठ करण्यापेक्षा चालत उतरत जाऊन नोंदी करणं केव्हाही चांगलं.

त्याच कोर्समध्ये एक गोष्ट पटली, ती इथे नोंदींची संख्या वाढवायच्या मागे लागलेल्यांसाठी मुद्दाम लिहिते. लिंपेट, म्हणजे पटेला, खात्रीने ओळखायला काही वेळा त्याच्या पायाचा रंग बघावा लागतो, त्यासाठी तो खडकावरून उचलावा लागतो. पण लिंपेटची खडकावर ठरलेली जागा असते. कवचाची कड त्या जागेला बेतशीर बसते, चरून आल्यावर तो तिथेच परततो. उचकटलेला लिंपेट पुन्हा नीट चिकटेलच असं नाही, आणि न चिकटलेला लिंपेट पक्ष्याच्या नाहीतर खेकड्याच्या तोंडी जातो. त्यापेक्षा नोंद ‘पटेला’ इथवर राहू द्यावी. दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवावा. आयनॅचरलिस्टवर नोंदींच्या संख्येनुसार नावांची क्रमवारी दिसते, आणि आकड्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्या क्रमवारीकडे न पाहिलेलं बरं.

फोटोंबद्दल थोडं. फुलाचा एकच सुंदर फोटो ओळखीला फारसा कामाचा नसतो. पानाची मागची बाजू, पान खोडाला जोडतं ती जागा, पूर्ण झाड, भोवतालची जागा, आणि शेजारी पट्टी किंवा बोट. कीटकाचा वरून, बाजूने आणि शक्य असेल तर समोरून. नोंदीच्या टिपणीत दोन ओळी: कशावर बसला होता, जमीन ओली होती का. ओळखणारे लोक या दोन ओळींना खूप मान देतात आणि पुढच्या वेळी तुमच्या नोंदी आपणहून पाहतात, असा माझा अनुभव आहे.

हिवाळ्यात इथे दिवस जेमतेम सात तासांचा होतो. बाहेर पाहण्यासारखं कमी, परीक्षा जवळ, आणि घरच्यांची आठवण नेमकी तेव्हाच जास्त येते. त्या दिवसांत मी ‘आयडेंटिफाय’ हे पान वापरायला लागले. संगणकावर ते उघडलं की एकेक अनोळखी नोंद समोर येते आणि कीबोर्डवरूनच भराभर मत देता येतं. मी जिथून आले त्या भागातली फुलपाखरं मला चांगली येतात, म्हणून जागेची चाळणी लावून तिथल्या नोंदी ओळखायला घेतल्या. वर्गात सतत विचारणारी मी इथे सांगणारी झाले. कुणीतरी आपल्या उत्तरावर ‘कशावरून?’ विचारतं आणि आपण पंखाच्या कडेवरचे ठिपके मोजून दाखवतो, याने जो धीर येतो तो मला त्या काळात खूप आधार देऊन गेला. परदेशात नुकत्याच आलेल्या प्रत्येकाने हे करून पाहावं, असं मी कळकळीने सांगते. तुम्ही कोरी पाटी घेऊन आलेले नाही. तुम्हाला एका वेगळ्या प्रदेशाचं सजीव जग ठाऊक आहे, आणि तिथल्या नोंदींना ओळखणाऱ्यांची खरोखर वानवा असते.

प्रोजेक्टसाठी याचा डेटा वापरायचा असेल तर जरा सावकाश वाचा. मोकळा परवाना असलेल्या रिसर्च ग्रेड नोंदी जीबिफकडे, म्हणजे जगभरच्या जैवविविधता नोंदींच्या खुल्या साठ्याकडे, जातात. जीबिफ २००१ मध्ये स्थापन झालं, सचिवालय कोपनहेगनला. तिथून डेटा उतरवला की त्या उतरवण्याला स्वतःचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो, तो अहवालात द्यायचा. इथवर सोपं आहे. पण या नोंदी रस्त्यांच्या, बागांच्या, शहरांच्या आजूबाजूला दाटतात, शनिवार-रविवारी वाढतात, एप्रिलच्या अखेरीस सिटी नेचर चॅलेंजच्या दिवसांत तर उसळतात. तो उपक्रम २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून सुरू झाला आणि आता जगभर होतो. मोठे, रंगीत, स्थिर बसणारे जीव जास्त नोंदले जातात. शिवाय एखादा प्राणी नोंदला नाही याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. किती वेळ, किती लोकांनी शोधलं याची नोंदच नसते. त्यामुळे ‘ही प्रजाती वाढते आहे’ असं नुसत्या नोंदींच्या संख्येवरून लिहिणं चुकीचं. प्रजाती कुठे सापडते, कधी फुलते, आयव्हीवर कोण कोण येतं, अशा प्रश्नांना हा डेटा चांगला. संख्येच्या प्रश्नांना पक्ष्यांपुरतं ईबर्ड सरस आहे, कारण तिथे किती वेळ, किती अंतर आणि दिसलेले सगळे पक्षी नोंदले का हे विचारलं जातं. कॉर्नेल विद्यापीठाचं ईबर्ड २००२ पासून चालू आहे.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. सीक हे आयनॅचरलिस्टचंच धाकटं भावंड, २०१८ मधलं. खातं लागत नाही, नेटवर्क नसतानाही चालतं, फील्डवर तेवढ्यापुरतं बरं, पण तिथे चर्चा नाही म्हणजे शिकणं अर्धंच. मर्लिनमधली आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली आणि वसंत ऋतूत पहाटेचा गलबला उलगडायला ती अप्रतिम आहे. प्लांटनेट फक्त वनस्पतींसाठी, फ्रेंच संशोधन संस्थांनी उभं केलेलं. झुडपांच्या बाबतीत दुसरं मत म्हणून मी ते उघडते. ब्रिटनमध्ये असाल तर आयरेकॉर्डचीही ओळख करून घ्या. तिथे त्या त्या गटाचे जाणकार नोंदी तपासतात, आणि स्थानिक जैवविविधता नोंदींशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे.

कुणाला याचा उपयोग नाही? सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, न्यूरोसायन्स यांत रमलेल्यांना अभ्यासापुरता तरी नाही. जिवाणूंची वसाहत फोटोवरून ओळखण्याची अपेक्षा ठेवू नये. ज्या गटांत ओळख जननेंद्रियांच्या विच्छेदनावर ठरते, तिथेही ही सेवा तुम्हाला जीनसपर्यंत पोहोचवून थांबते. ‘रिसर्च ग्रेड’ हे नावही भारदस्त आहे, पण ती सहमती आहे, तज्ज्ञाचा शिक्का नव्हे. अहवालात ज्या नोंदीवर निष्कर्ष टेकतो, तिचा फोटो स्वतः पाहावा, आणि त्यावर कुणी काय कारण दिलंय ते वाचावं. आपल्या नोंदीवर कुणी नाव सुचवलं की लगेच ‘अ‍ॅग्री’ दाबण्याची लोकांना सवय असते. पटलं तरच दाबावं, न पटल्यास सरळ विचारावं. मी पाहिलेल्या जाणकारांपैकी बहुतेकांना असं विचारलेलं आवडतं.

परदेशी विद्यार्थ्यांना लागू पडणारी आणखी एक बाब. सापडलेला भुंगा, वाळवलेलं पान, शिंपला मायदेशी नेण्याचा किंवा पाठवण्याचा मोह होतो. त्यात कायद्याची गुंतागुंत आहे. वनस्पतींचे भाग सीमेपार न्यायला बहुतेक ठिकाणी आरोग्य प्रमाणपत्र लागतं, संरक्षित प्रजातींना साइटीस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे नियम लागतात, आणि संशोधनासाठी जनुकीय साहित्य हलवायचं तर २०१४ पासून अमलात असलेला नागोया प्रोटोकॉल पाहावा लागतो. विभागातल्या जबाबदार व्यक्तीला लेखी विचारल्याशिवाय नमुना खिशात घालू नये. फोटो, जागा आणि तारीख असलेल्या नोंदीला मात्र कुठल्याही सीमेवर कुणी अडवत नाही, आणि पुढे कुठेही शिकायला गेलात तरी ती तुमच्यासोबत राहते.

खातं उघडल्यावर, पहिला फोटो चढवण्याआधी, दोन ठिकाणं पाहून ठेवा. पहिलं ठिकाण जागेचं, ते प्रत्येक नोंद करताना दिसतं. राहत्या खोलीच्या खिडकीतून किंवा वसतिगृहाच्या अंगणातून केलेल्या नोंदींना जागा ‘ऑब्स्क्युअर्ड’ ठेवा. मग नकाशावर नेमक्या बिंदूऐवजी साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीतला कुठलातरी बिंदू दिसतो. एकट्या राहणाऱ्या मुलींनी तर हे नक्की करावं, कारण रोज संध्याकाळी त्याच जागेवरून आलेल्या नोंदी पाहून पत्ता ओळखणं अवघड नसतं. धोक्यातल्या अनेक प्रजातींच्या जागा ही सेवा आपोआपच अशा झाकते. दुसरं ठिकाण परवान्याचं, ते सेटिंगमध्ये आहे. फोटो आणि नोंदी यांचा परवाना वेगवेगळा निवडता येतो. ‘सर्व हक्क राखीव’ निवडलंत तर नोंद जीबिफपर्यंत पोहोचत नाही आणि संशोधकांना वापरता येत नाही. सीसी-बाय (नाव देऊन कुणीही वापरावं) किंवा सीसी-बाय-एनसी (तसंच, पण व्यापारासाठी नाही) ठेवलंत तर पोहोचते, आणि नाव तुमचंच राहतं. मी सीसी-बाय ठेवलं आहे.